शेअर बाजारावरचा संगणकी घातपात कादंबरीत पटण्याजोगा कसा मांडावा?

ठाकूरद्वारकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक थरारकथा लिहीत आहे. तिची भूमी मुंबईच आहे: फोर्ट, दलाल स्ट्रीट, वांद्रे-कुर्ला संकुल आणि गिरगावातील एक चाळ. नायिका एका दलाली पेढीच्या बॅक ऑफिसमध्ये नोकरी करते. वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून आईने थोडेथोडे करून घेतलेले समभाग हाच त्या घराचा आधार आहे. खलपक्षाकडे पैसाही आहे आणि कुशल माणसेही आहेत, आणि त्याला नफा नको आहे. या शहराचा व्यवहार मोडलेला त्याला पाहायचा आहे.

सध्याच्या मसुद्यात सोमवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, दहा मिनिटांत निर्देशांक तीस टक्क्यांनी कोसळतो आणि लोक घराबाहेर धावतात. हे प्रकरण मी तीनदा लिहिले आणि तिन्ही वेळा ते मला खोटे वाटले. हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्याने विचारले, "एवढी पडझड झाली की बाजार थांबवतात ना? मग पुढच्या दोनशे पानांत काय होणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हल्ला कसा करतात याची कृती मला नको आहे आणि ती पुस्तकात छापण्याचीही इच्छा नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की या क्षेत्रात आयुष्य काढलेल्या माणसांना कोणत्या घटनेची खरोखर भीती वाटते, आणि ती घटना सामान्य घरापर्यंत कशी पोहोचते.

जुनी खतावणी

आपल्या स्नेह्याचे म्हणणे बरोबर आहे. २ जुलै २००१ पासून आपल्याकडे निर्देशांकाला दहा, पंधरा आणि वीस टक्क्यांवर सर्किट लागते, म्हणजे तेवढी हालचाल झाली की सौदे थांबवले जातात. दुपारी एकच्या आधी दहा टक्के घसरण झाली, तर दोन्ही बाजार, म्हणजे मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार, पंचेचाळीस मिनिटे थांबतात. वीस टक्क्यांना त्या दिवसाचे काम संपते. २३ मार्च २०२० रोजी सकाळी हे घडले होते. बाजार थांबला, पुन्हा सुरू झाला आणि सेन्सेक्स तेरा टक्क्यांहून अधिक खाली बंद झाला. म्हणून दहा मिनिटांत तीस टक्के हे चित्र आपल्या बाजारात उमटणारच नाही, आणि हे जाणणारा वाचक त्याच पानावर पुस्तक मिटेल.

मी सुमारे तीस वर्षे फोर्टमधील पेढ्यांच्या हिशेब विभागांत काढली. १९९२ ची पडझड पाहिली, २००८ ची पाहिली, २०२० ची घरी बसून पाहिली. माणसे रडली, कर्जात बुडाली, काहींनी शहर सोडले. परंतु भाव पडला म्हणून या तिन्ही वेळी कोणाच्याही मनात एक शंका आली नाही: आपल्या नावावर किती समभाग आहेत, ही. भाव शून्याजवळ गेला तरी तीनशे समभाग तीनशेच होते. आपल्या खलपक्षाने हात घालायचा तो येथे. पडलेला भाव पुन्हा चढू शकतो, पण आपले किती आहे हेच ज्याला सांगता येत नाही, त्याला चढलेल्या भावाचाही उपयोग नाही.

ही भीती आमच्या पिढीने कागदाच्या काळात, भावाशी संबंध नसलेल्या कारणाने, अनुभवलेली आहे. तेव्हा समभागांची प्रमाणपत्रे गठ्ठ्यांनी आणि पोत्यांनी येत. प्रत्येकाला ट्रान्सफर डीड, म्हणजे मालकी दुसऱ्याच्या नावे करण्याचा कागद, जोडलेले असे, आणि कंपनीकडे पाठवल्यावर सही जुळत नाही म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी सारे परत येई. त्याला आम्ही 'बॅड डिलिव्हरी' म्हणत असू. बनावट प्रमाणपत्रेही बाजारात फिरत असत. पैसे देऊन घेतलेला कागद हातात असूनही तो आपला आहे की नाही हे ठाऊक नसणे म्हणजे काय, हे त्या काळी टेबलापलीकडे बसलेल्या विधवांच्या चेहऱ्यांवर मी पाहिले आहे. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा, म्हणजे समभागांची संगणकी नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, कायदा झाला, त्याच वर्षी एनएसडीएल ही तशी संस्था सुरू झाली, आणि हळूहळू तो सारा कागद नाहीसा झाला. आज सौदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी समभाग आणि पैसे हातात पडतात. २७ जानेवारी २०२३ पासून हे सर्वच समभागांना लागू आहे. या सोयीमागे एकच गोष्ट उभी आहे, ती म्हणजे नोंदीवरचा विश्वास.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. एका सकाळी नायिकेच्या आईच्या डिमॅट खात्यात तीनशेऐवजी दोनशे साठ समभाग दिसावेत. शेजारच्या जोशीकाकांच्या खात्यात मात्र चाळीस वाढलेले असावेत. बाजार नेहमीप्रमाणे सुरू असावा, निर्देशांक थोडा वरच असावा. ज्यांचे कमी झाले ते तक्रार करतील आणि त्यांना उत्तर मिळेल, "आपणच विकले असतील, पुन्हा तपासा." ज्यांचे वाढले ते गप्प राहतील. घातपात करणाऱ्याला याहून मोठे साहाय्य कोणीही देऊ शकणार नाही, आणि लेखकालाही याहून चांगले प्रकरण मिळणार नाही, कारण आता चाळीतला प्रत्येक जण मनाने त्या गुन्ह्यात थोडा सामील झालेला आहे.

रात्रपाळी

मी संगणक यंत्रणांच्या देखभालीत आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. 'जुनी खतावणी' यांचे म्हणणे मला पटले, पण एक तपशील जोडला पाहिजे. नोंद एका ठिकाणी नसते. ती दलालाकडे असते, सौद्यांची देणी-घेणी मिटवणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे असते, डिपॉझिटरीकडे असते, पैशाची बाजू बँकेत असते, आणि या सर्वांचा मेळ रोज घातला जातो. आपल्या खलनायकाने एकाच वहीत बदल केला तर तो संध्याकाळपर्यंत पकडला जाईल. हे अडचणीचे वाटले तरी कथेला उपकारक आहे, कारण मेळ न बसणे हाच नायिकेच्या हाती लागणारा पहिला धागा ठरू शकतो. तिचे कामच ते आहे.

राखीव यंत्रणेविषयी लोकांचा एक गोड गैरसमज असतो. राष्ट्रीय शेअर बाजाराची राखीव यंत्रणा चेन्नईत आहे, मुंबई शेअर बाजाराची हैदराबादेत. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी खास सत्रे भरवून राखीव यंत्रणेवर बाजार चालवूनही दाखवण्यात आला. मुंबईत पूर आला, आग लागली, वीज गेली, तर ही व्यवस्था तारून नेईल. पण मुंबईच्या वहीत शिरलेली चुकीची नोंद चेन्नईच्या वहीतही तितक्याच निष्ठेने उतरते. दूर ठेवलेली प्रत आगीपासून वाचवते, खोटेपणापासून वाचवतेच असे नाही.

आता मला ज्याची खरी भीती वाटते ते सांगतो. पहिले काही तास बिघाड आणि घातपात यांत फरकच करता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी पावणेबाराच्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजार थांबला आणि दुपारी पावणेचारला सुरू होऊन पाचपर्यंत चालला. सौदे जुळवणारे यंत्र त्या दिवशी बिघडलेले नव्हते. दूरसंचार जोडण्यांत दोष आला, त्यामुळे जोखीम मोजणारी यंत्रणा हाताशी राहिली नाही, आणि जोखीम मोजता येत नसेल तर सौदे होऊ देणे धोक्याचे म्हणून सारे थांबवावे लागले. मधल्या चार तासांत मुंबई शेअर बाजार सुरू होता. ज्यांचे दिवसभराचे सौदे एका बाजारात अडकले होते, त्यांपैकी अनेकांचे दलालांनी दुसऱ्या बाजारात मिटवून टाकले, आणि नंतर पहिला बाजार अनपेक्षितपणे पुन्हा उघडला. हा घातपात नव्हता, तरीही कोणत्याही कादंबरीकाराला पुरेल एवढे नाट्य त्यात होते.

याच जातीची घटना न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये घडली, आणि तो हल्लाच होता. बाजाराच्या संकेतस्थळावर खोट्या मागण्यांचा इतका मारा करण्यात आला की ते बंद पडले. कंपन्यांच्या घोषणा त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असल्यामुळे, गुंतवणूकदाराला माहिती मिळत नसताना सौदे होऊ देणे योग्य नाही म्हणून सलग चार दिवस बाजार थांबवावा लागला. सौद्यांच्या यंत्राला कोणी स्पर्शही केला नव्हता. लेखकाने यातून घेण्यासारखे असे की बाजार पाडण्यासाठी त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचावे लागत नाही; ज्याच्यावाचून जबाबदार माणसे बाजार चालू ठेवणार नाहीत, असे काहीतरी शेजारचे हिरावून घेतले की पुरते.

आणि मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेलच. लोकल जागच्या जागी थांबल्या, निम्मे शहर विजेविना होते, आणि दोन्ही शेअर बाजार मात्र नेहमीप्रमाणे चालू राहिले. काही महिन्यांनी त्या अंधारामागे परदेशी संगणकी हल्ला असावा अशी शंका राज्य सरकारने मांडली, तर केंद्राने ती मानवी चूक असल्याचे सांगितले. आपल्या कादंबरीचे वातावरण मला त्या वादात दिसते: दोन्ही बाजूंचे अधिकारी प्रामाणिक, दोघांकडे अहवाल, आणि नागरिकाने कोणता खरा मानायचा ते त्याला कोणी सांगत नाही.

नऊ पंधरा

वरील दोघांचा अनुभव मोठा आहे, तरी भावाच्या पडझडीला इतक्या सहज बाद करू नये असे मला वाटते. मी स्वतः सौदे करतो आणि पडद्यासमोरच्या माणसासाठी ती काही मिनिटेच सर्वस्व असतात.

६ मे २०१० रोजी अमेरिकेत डाऊ निर्देशांक काही मिनिटांत झपाट्याने घसरून दिवसाच्या आरंभापेक्षा सुमारे हजार अंशांनी खाली गेला आणि बहुतेक तितक्याच वेगाने वर आला. मधल्या काळात काही नामांकित कंपन्यांच्या समभागांचे सौदे एका सेंटला झाले, तर काहींचे एक लाख डॉलरला. भाव मूळ पातळीपासून साठ टक्क्यांहून दूर गेलेले वीस हजारांवर सौदे नंतर रद्द करण्यात आले. घसरण थांबली ती शिकागोच्या वायदे बाजारातील यंत्रणेने सौदे फक्त पाच सेकंद रोखल्यावर. पाच सेकंदांत माणूस पाण्याचा पेलाही उचलत नाही, पण यंत्रांना तेवढा श्वास पुरला.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली पेढीकडून साडेसहाशे कोटींहून अधिक रकमेच्या चुकीच्या विक्री ऑर्डरी गेल्या आणि राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी क्षणात पंधरा टक्क्यांहून अधिक खाली आला. सर्किट दहा टक्क्यांचे होते, पण यंत्र थांबेपर्यंत आधीच रांगेत असलेल्या ऑर्डरी जुळत गेल्या. म्हणजे नियम कागदावर असतो आणि वेग यंत्रात असतो. त्या दोहोंमधल्या फटीत कथा बसू शकते. त्याच वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेतील एका मोठ्या पेढीने आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा प्रोग्रॅम बसवला, आठवा राहून गेला, आणि त्यात निजलेला जुना प्रोग्रॅम जागा होऊन पंचेचाळीस मिनिटांत सुमारे चव्वेचाळीस कोटी डॉलरचे नुकसान झाले.

माझे म्हणणे एवढेच की तीस टक्क्यांचे प्रकरण फाडून टाका, पण चार मिनिटांचे एक प्रकरण अवश्य ठेवा. त्यात निर्देशांकाविषयी काही लिहू नका. एका माणसाची एक ऑर्डर एका हास्यास्पद भावाला जुळते, त्याचा हात थिजतो, आणि तो पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचतो, एवढेच लिहा.

वाचनालय

मी या क्षेत्रातील नाही. केवळ थरारकथांची जुनी वाचक आहे, आणि त्या बाजूनेच बोलते.

या विषयावरील पुस्तकांचा शेवट लेखकाला नेहमी छळतो, कारण नोंदींचा नाश झाला तर त्या परत कशा आणायच्या हा प्रश्न उरतोच. टॉम क्लॅन्सी यांच्या १९९४ मधील 'डेट ऑफ ऑनर' या कादंबरीत अमेरिकी बाजारातील शुक्रवारी दुपारनंतरच्या सौद्यांच्या नोंदीच नाहीशा होतात, आणि अखेरीस तोडगा असा निघतो की त्या क्षणानंतरचे सौदे झालेच नाहीत असे धरायचे. तोडगा हुशारीचा आहे. पण मला वाचताना सतत वाटत राहिले की त्या दुपारी प्रामाणिकपणे सौदा करून, पैसे मोजून सुटकेचा श्वास घेतलेल्या माणसाचे काय? घड्याळ मागे फिरवताना कोणाचा तरी दिवस पुसला जातो. आपण गिरगावातील चाळ निवडली आहे, तर तो पुसलेला दिवस कोणाचा होता ते आपल्याला दाखवता येईल. समजा, जोशीकाकांनी वाढलेले चाळीस समभाग गुपचूप विकून मुलीची फी भरली आणि मग सारे मागे फिरवायचे ठरले. आता ते पैसे कोठून आणायचे?

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे पंचाण्णव कोटी डॉलर काढण्याचे खोटे आदेश गेले आणि आठ कोटी दहा लाख डॉलर खरोखर गेले. ढाक्यात शुक्रवार-शनिवारची सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारची, आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची. आदेशांच्या नोंदी छापणारा ढाक्यातील प्रिंटर त्या शुक्रवारी बंद पडला होता, आणि पाहणाऱ्यांना तो नेहमीचा बिघाड वाटला. मला या सबंध प्रकरणात तो न चालणारा प्रिंटर सर्वांत भयंकर वाटतो. आपल्याकडे दिवाळीतील मुहूर्ताचे सौदे आहेत: सुट्टीचा दिवस, तासाभराचे सत्र, पेढे वाटले जात आहेत, अर्धे कर्मचारी गावी गेलेले आहेत. वातावरणासाठी आपल्याला याहून दूर जाण्याची गरज नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे २०१८ चे प्रकरणही मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. ऑगस्टमधल्या दोन दिवसांत चौऱ्याण्णव कोटी रुपये गेले आणि एटीएममधून पैसे काढणारे हात २८ देशांत होते. त्यात बँकेची यंत्रणा मोडण्यात आली नव्हती. एटीएमच्या विचारणांना खऱ्या यंत्रणेऐवजी तिचे सोंग घेतलेली दुसरीच यंत्रणा "होय, द्या" असे उत्तर देत होती. मोडतोडीपेक्षा सोंग अधिक भीतिदायक असते, हे आपल्या लोककथांनाही पूर्वीपासून ठाऊक आहे.

ठाकूरद्वारकर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तीस टक्क्यांचे प्रकरण काल रात्री काढून टाकले आणि बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसावेसे वाटले.

आता आराखडा असा आहे. मुहूर्ताच्या सौद्यांच्या संध्याकाळी आईच्या खात्यात चाळीस समभाग कमी दिसतात. नायिकेच्या पेढीतील मेळ मात्र बसतो, आणि तो बसू नये हे तिला जाणवते. पेढीची वही आणि डिपॉझिटरीची वही दोन्ही एकमेकींशी सहमत आहेत, पण दोन्ही आईच्या सांगण्याशी असहमत आहेत. यंत्रे एका बाजूला आणि एक सत्तरीची बाई दुसऱ्या बाजूला. नायिकेने कोणावर विश्वास ठेवायचा? मधला सबंध भाग मला याच प्रश्नावर उभा करायचा आहे. 'नऊ पंधरा' यांची चार मिनिटेही ठेवत आहे.

शेवटाविषयी मात्र एक शंका आहे. आईने आजवरच्या साऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने पाठवलेल्या सौद्यांच्या पावत्या, एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. चाळीतील इतरांकडेही असे कागद निघतात, आणि त्यांच्या आधारे खरी वही पुन्हा उभी राहते, असे मी योजले आहे. 'जुनी खतावणी' काकांना विचारते: हे तांत्रिकदृष्ट्या टिकेल का, की माझी ही भाबडी इच्छा आहे?

जुनी खतावणी

टिकेल, पण थोडी दुरुस्ती करावी लागेल.

दलालाने सौदा झाल्यापासून चोवीस तासांच्या आत कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवलीच पाहिजे, आणि तिच्यावर ऑर्डरचा क्रमांक, सौद्याचा क्रमांक आणि दोन्हींच्या वेळा असतात. म्हणून एक नोट हा सुटा पुरावा राहत नाही. समोरच्या पक्षाच्या नोटेवर त्याच सौद्याचा तोच क्रमांक असतो, मग तो बोरिवलीला राहणारा असो वा भुसावळला. आईने घेतलेले समभाग कोणीतरी विकलेले आहेत, आणि त्या माणसाकडे दुसरे अर्धे आहे. याखेरीज बाजाराकडून आणि डिपॉझिटरीकडून येणारे एसएमएस आणि ई-मेल लाखो फोनांत पडून असतात. आपला खलनायक चार वह्या बदलू शकेल असे मी कादंबरीपुरते मान्य करतो, पण तो घरोघरचे फोन बदलू शकणार नाही. हीच त्याची चूक ठरू द्या.

दुरुस्ती अशी, की ट्रंकेत कागद २०१० च्या आसपासपर्यंतचेच असावेत. त्यानंतर बहुतेकांच्या नोटा ई-मेलने येऊ लागल्या आहेत आणि त्यांवर डिजिटल सही असते. मजकुरातील एक अंक जरी बदलला तरी ती सही तपासताना चूक दिसते. तेव्हा आईच्या जुन्या कागदांवर पेढीचा शिक्का आणि हाताची सही, आणि नव्या नोटा नायिकेने वर्षानुवर्षे न उघडलेल्या मेलपेटीत, अशी विभागणी करा. आईला त्या नोटा उघडण्याचा पासवर्ड माहीत नसेल, पण तो साधारणपणे पॅन क्रमांकच असतो, आणि पॅन कार्ड त्याच ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवलेले सापडू द्या.